कपात एका वर्षाची, नुकसान पिढीचे

अंदाजपत्रकात तूट आली की सरकारी फेरीबोटीचे अनुदान कापणे सर्वांत सोपे वाटते. बोटीवर अवलंबून असलेले मतदार थोडे असतात, तेही बेटाबेटांवर विखुरलेले. तोटा मात्र ताळेबंदात ठळक दिसतो. हा मोह किती महाग पडतो, हे अलास्काने गेल्या काही वर्षांत अनुभवले आहे. तो अनुभव आपणही वेळीच समजून घ्यायला हवा.

अमेरिकेच्या या राज्याने १९६३ मध्ये सरकारी फेरीसेवा सुरू केली. तिथल्या आग्नेय किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि हिमनद्या आडव्या येतात. राजधानी जुनोलासुद्धा बाहेरून येणारा रस्ता नाही. म्हणूनच या सेवेचे अधिकृत नाव ‘सागरी महामार्ग’ असे आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमपासून अल्यूशियन बेटांपर्यंत तिने तीसहून अधिक गावे जोडली. किराणा माल, मासळीचे ट्रक, सामन्यांना निघालेले शाळेचे संघ, मोठ्या रुग्णालयात जाणारे रुग्ण, सगळ्यांची वाट तीच.

२०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि तेलावर चालणाऱ्या या राज्याची तिजोरी आटली. तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही आणि राज्यस्तरीय विक्रीकरही नाही. उलट तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या कायमस्वरूपी निधीचा लाभांश दरवर्षी नागरिकांना वाटला जातो. प्रत्येकाला सुमारे ३,००० डॉलरचा पूर्ण लाभांश देण्याचे आश्वासन देऊन माइक डनलीव्ही २०१८ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी फेरीसेवेच्या खर्चात सुमारे तीन चतुर्थांश कपात सुचवली. विधिमंडळाने ती बरीच सौम्य केली, तरीही ४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम कापली गेलीच. त्याच जुलैमध्ये खलाशांचा ९ दिवसांचा संप झाला.

हिवाळ्यात परिणाम दिसले. रस्त्याने न जोडलेल्या, सुमारे अडीच हजार वस्तीच्या कॉर्डोव्हा या मच्छीमार गावाला कित्येक महिने एकही फेरी मिळाली नाही. कॅनडातल्या प्रिन्स रूपर्टची फेरी २०१९ मध्येच बंद पडली होती. २०२० च्या सुरुवातीला बरीचशी जहाजे दुरुस्तीत किंवा धक्क्याला बांधलेली होती. त्यात चालू असलेले मुख्य जहाजही नादुरुस्त झाले आणि आग्नेय किनाऱ्यावरच्या लहान गावांची कोंडी झाली.

यातला खरा धोका एका हिवाळ्यापुरता नव्हता. फेऱ्या कमी झाल्या की वेळापत्रकावरचा विश्वास उडतो आणि प्रवासी दुसरी सोय शोधतात. मग प्रवासी घटले, हेच पुढच्या कपातीचे कारण म्हणून दाखवले जाते. अनुभवी खलाशी एकदा दुसरीकडे गेले की सहज परत येत नाहीत. पुढे पैसा हाती आला, तरी २०२३ मध्ये ‘केनिकॉट’ हे मोठे जहाज माणसांअभावी बांधून ठेवावे लागले. दोन वेगवान फेरीबोटी तर २०२१ मध्ये स्पेनमधल्या कंपनीला दोन्ही मिळून सुमारे ५० लाख डॉलरला विकल्या गेल्या. कापलेले अनुदान पुढच्या वर्षी पुन्हा देता येते. विकलेले जहाज आणि गेलेला खलाशी तितक्या सहज परत आणता येत नाही.

कपातीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे काही मुद्दे रास्त होते. जहाजे जुनी होती, इंधन खूप खात होती, आणि तिकिटांतून चालवण्याच्या खर्चाचा सुमारे एक तृतीयांशच वसूल होत होता. पण तोट्याची ही मोजपट्टी रस्त्यांना कोण लावते? अलास्कातल्या महामार्गांवर टोल जवळजवळ नाही आणि पेट्रोलवरचा कर देशात सर्वांत कमी आहे. डांबरी रस्त्यावरचा खर्च म्हणजे विकास आणि पाण्यावरच्या वाटेवरचा खर्च म्हणजे तोटा, हा भेद अर्थशास्त्राचा नाही. तो मतदारसंख्येचा आहे.

२०२१ मध्ये सिनेटर लिसा मर्कौस्की यांच्या प्रयत्नांतून केंद्रीय पायाभूत सुविधा कायद्यात ग्रामीण फेरीसेवांसाठी ५ वर्षांत १०० कोटी डॉलरची तरतूद झाली. त्यातला मोठा वाटा अलास्काला मिळाला. सेवा तगली, पण रोजचा खर्चही केंद्र सरकारच्या मर्जीवर टेकला. मुदतीचे अनुदान संपले की वाद पुन्हा मूळ जागी येतो.

आपल्याकडे हा वाद उलट्या दिशेने येतो. गोव्यात चोडण, दिवाडीसारख्या बेटांचे जीवन फेरीबोटीवर चालते. २०२३ मध्ये दुचाकींना तिकीट लावण्याच्या निर्णयाला इतका विरोध झाला, की सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. बेटावरच्या माणसाला रोजच्या वाटेसाठी पैसे पडू नयेत, ही मागणी न्याय्यच आहे. पण प्रवास फुकट ठेवून दुरुस्ती, नवी बोट आणि खलाशांची भरती यांसाठी पैसा बाजूला काढला नाही, तर तीही कपातच ठरते. फक्त तिची घोषणा होत नाही.

म्हणून वर्षाला किमान किती फेऱ्या होतील हे कायद्याने ठरले पाहिजे. निधी अनेक वर्षांसाठी बांधील हवा आणि जुन्या बोटींच्या जागी नव्या आणण्याचा कोष वेगळा हवा. तिकीट किती असावे यावर राजकीय पक्षांनी खुशाल भांडावे. उद्या सकाळी बोट सुटेल की नाही, हा प्रश्न मात्र त्या भांडणाच्या बाहेर राहिला पाहिजे. तो आत ओढला गेला तर गावे एकाएकी उठणार नाहीत. आधी तरुण जातील, मग शाळेची पटसंख्या घसरेल, आणि एके दिवशी सरकार म्हणेल की आता इथे फेरीची गरजच उरली नाही.