विश्लेषण : ई-ट्रकला अनुदान मिळेल, पण जुन्या डिझेल ट्रकचे काय?

इलेक्ट्रिक ट्रक घेणाऱ्याला केंद्र सरकार ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेतून कमाल ९ लाख ६० हजार रुपयांचे साह्य देते. मात्र त्यासाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. वरवर किरकोळ वाटणारी ही अट संपूर्ण योजनेचा कणा आहे. डिझेलचा धूर कमी करण्यासाठी खर्च होणारा सरकारी पैसा सत्कारणी लागेल की नाही, हे तिच्यावरच ठरेल.

योजना नेमकी काय आहे?

‘पीएम ई-ड्राइव्ह’ ही १०,९०० कोटी रुपयांची योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. त्यातील ५०० कोटी रुपये ट्रकसाठी राखीव आहेत. ट्रकसाठीचे तपशीलवार नियम जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. इलेक्ट्रिक ट्रकला केंद्राने थेट खरेदी साह्य देण्याची ही पहिलीच वेळ. मालासह एकूण वजन साडेतीन टनांहून अधिक आणि ५५ टनांपर्यंत असलेले ट्रक त्यासाठी पात्र आहेत. वजनानुसार साह्याची रक्कम ठरते. ती ग्राहकाच्या खात्यात जमा होत नाही. कंपनी तेवढी किंमत कमी करते आणि नंतर सरकारकडून परतावा घेते. बॅटरीला पाच वर्षे किंवा पाच लाख किलोमीटरची हमी देणेही कंपनीवर बंधनकारक आहे. सुमारे ५,६०० ट्रक रस्त्यावर आणण्याचे उद्दिष्ट असून त्यातील १,१०० दिल्लीत नोंदणी होणारे असतील. ट्रकसाठी योजनेची मुदत आता मार्च २०२८ पर्यंत आहे, मात्र निधी त्याआधी संपला तर योजनाही तिथेच थांबेल.

ट्रकच का?

सरकारने दिलेल्या आकडेवारीनुसार, देशातील एकूण वाहनांत डिझेल ट्रकचे प्रमाण अवघे ३ टक्के आहे. पण वाहतूक क्षेत्रातून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ४२ टक्के आहे. याशिवाय डिझेलच्या धुरातील काजळीचे सूक्ष्म कण आणि नायट्रोजन ऑक्साइड थेट फुप्फुसांवर परिणाम करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. महामार्गालगतच्या वस्त्या, बंदरे, ट्रक टर्मिनल आणि बाजार समित्यांच्या आवारात काम करणाऱ्यांना या धुराचा सर्वाधिक त्रास होतो.

सगळे डिझेल ट्रक सारखेच प्रदूषण करतात का?

नाही, आणि मुख्य मुद्दा हाच आहे. अवजड इंजिनासाठी ‘बीएस-३’ निकषांत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोवॉट तास ५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस-६’मध्ये ती ०.४ ग्रॅमवर आली. काजळीची मर्यादा ०.१० ग्रॅमवरून ०.०१ ग्रॅम झाली. म्हणजे कागदावरच्या मर्यादांचा विचार केला, तर बीएस-३ काळातील एक ट्रक नव्या बीएस-६ ट्रकच्या दहापट काजळी सोडू शकतो. वय आणि देखभालीचा अभाव यामुळे प्रत्यक्षातील फरक आणखी वाढतो. त्यामुळे नवी गाडी किती स्वच्छ आहे याबरोबरच तिच्यामुळे कोणती जुनी गाडी रस्त्यावरून कायमची हटली, हेही महत्त्वाचे ठरते.

मग जुना ट्रक नुसता विकला तर काय बिघडते?

ट्रक सहजासहजी भंगारात जात नाही. मोठी वाहतूक कंपनी नवा ट्रक घेते, काही वर्षांनी तो मध्यम व्यावसायिकाला विकते. तिथून तो एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे जातो आणि शेवटी वाळू, विटा किंवा भाजीपाल्याच्या स्थानिक वाहतुकीत अडकतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली, तेव्हाही अशी अनेक वाहने ना हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत गेली. दिल्लीतला धूर दुसऱ्या गावात पोहोचला. नव्या ट्रकला अनुदान देऊन जुना तसाच विकू दिला, तर हेच सरकारी खर्चाने होईल.

अमेरिकेने हा प्रश्न कसा हाताळला?

डिझेल इंजिनांसाठी सरकारी अनुदानाचा तिथला अनुभव मोठा आहे. २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्यात डिझेल उत्सर्जन कमी करण्याच्या कार्यक्रमाला मंजुरी मिळाली आणि २००८ पासून प्रत्यक्ष निधी मिळू लागला. पर्यावरण संरक्षण संस्थेमार्फत चालणाऱ्या या कार्यक्रमाचा ७० टक्के निधी देशपातळीवरील स्पर्धेतून, तर ३० टक्के राज्यांमार्फत वाटला जातो. पहिल्या दहा वर्षांत ७० हजारांहून अधिक इंजिने किंवा वाहने बदलली अथवा सुधारली गेली.

तिथल्या अटी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. जुने इंजिन पुन्हा कधीच चालू नये म्हणून त्याच्या मुख्य ब्लॉकला किमान तीन इंच लांब-रुंद भोक पाडावे लागते, चॅसिसचे लोखंडी दांडे कापावे लागतात आणि त्याची छायाचित्रे सादर करावी लागतात. शिवाय, बदलला जाणारा ट्रक खरोखर धावता असावा लागतो. आधीच्या दोन वर्षांत तो दरवर्षी किमान ७,००० मैल, म्हणजे सुमारे ११ हजार किलोमीटर चाललेला असावा आणि त्याचे किमान तीन वर्षांचे आयुष्य शिल्लक असावे, असा नियम ठेवण्यात आला. जो ट्रक उद्या आपोआपच बंद पडणार आहे, त्यासाठी करदात्याने पैसे का द्यावेत, हा त्यामागचा विचार.

भारतातील अटीत फट कुठे आहे?

आपल्याकडे नोंदणीकृत भंगार केंद्रात वाहन जमा केल्यावर मालकाला ‘ठेव प्रमाणपत्र’ मिळते. नवा ई-ट्रक घेताना ते सादर करावे लागते. हे प्रमाणपत्र हस्तांतरणीय आहे. ज्याच्याकडे जुना ट्रक नाही, तो दुसऱ्याचे प्रमाणपत्र विकत घेऊन अनुदान मिळवू शकतो. व्यवहाराच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, कारण ई-ट्रक घेऊ शकणारी कंपनी आणि पंधरा-वीस वर्षांचा ट्रक चालवणारा मालक सहसा एकच नसतात.

अडचण अशी की, प्रमाणपत्र गाडी मोडीत निघाल्याचे सांगते, पण ती गेल्या वर्षी किती धावली हे सांगत नाही. शेताच्या बांधावर किंवा गॅरेजमागे पाच वर्षे गंजत पडलेला ट्रक आणि रोज दोनशे किलोमीटर धूर सोडणारा ट्रक या दोघांचे प्रमाणपत्र सारखेच. स्वस्तात जे मिळेल ते बाजारात आधी येते. त्यामुळे बंद पडलेल्या गाड्यांची प्रमाणपत्रे आधी खपण्याची आणि धावत्या गाड्या रस्त्यावरच राहण्याची शक्यता आहे. ते टाळण्यासाठी नवा कायदा लागणार नाही. योग्यता प्रमाणपत्र, विमा, फास्टॅग आणि ई-वे बिल यांच्या नोंदी सरकारकडे आहेतच. गाडी अलीकडे धावत होती का, हे त्यावरून तपासता येईल.

लहान ट्रकमालकाच्या हाती काय?

सध्या तरी फार थोडे. अवजड ई-ट्रकची किंमत तशाच डिझेल ट्रकच्या दुप्पट-तिप्पट असते. साडेनऊ लाख वजा करूनही ती कळंबोली किंवा नाशिकच्या एक-दोन गाड्यांच्या मालकाला झेपणारी नाही. बँकेचे कर्ज, चार्जिंगची सोय आणि परतीचा माल मिळण्याची अनिश्चितता हे प्रश्न वेगळेच. योजनेचे संभाव्य लाभार्थी म्हणून सरकारनेच बंदरे, सिमेंट, पोलाद आणि लॉजिस्टिक्स ही क्षेत्रे सांगितली आहेत. ठरलेल्या मार्गावर कमी अंतराच्या फेऱ्या असल्याने तिथे ई-ट्रक परवडतो. न्हावा-शेवा येथील जेएनपीए बंदरात सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे ५० ई-ट्रक दाखल झाले, ते याच कारणाने.

म्हणजे अनुदान मोठ्या कंपनीला आणि जुन्या मालकाला फक्त भंगाराचा भाव व प्रमाणपत्राची किंमत. त्या पैशात त्याला किमान वापरलेला बीएस-६ ट्रक घेण्याची सुरुवात करता आली नाही, तर तो जुनी गाडी मोडायला देणार नाही. अमेरिकेत यासाठी पर्याय अधिक आहेत. शून्य उत्सर्जनाच्या गाडीला अलीकडे साधारण ४५ टक्के, नव्या डिझेल गाडीला २५ टक्के, तर जुन्या इंजिनाला मान्यताप्राप्त धूर-गाळणी बसवण्यासाठी १०० टक्के खर्च मिळत आला आहे. गाळणी प्रत्येक इंजिनाला चालत नाही, फार काजळी असेल तर ती तुंबते. तरीही कमी खर्चाची एक पायरी त्यामुळे उपलब्ध होते.

पुढे काय पाहायला हवे?

देशात दरवर्षी तीन लाखांहून अधिक मध्यम व अवजड व्यावसायिक वाहने विकली जातात. त्यापुढे ५,६०० ही संख्या दोन टक्केही भरत नाही. त्यामुळे हा टप्पा हवा स्वच्छ करण्यापेक्षा पद्धत बसवण्याचा आहे. किती ई-ट्रक विकले गेले हा आकडा जाहीर होईलच. त्यासोबत मोडीत निघालेल्या ट्रकचे वय, इंजिनाचा निकष, शेवटच्या वर्षातील वापर आणि मूळ मालकाला मिळालेली रक्कमही जाहीर झाली, तर ५०० कोटींतून नेमका किती धूर कमी झाला याचा हिशेब मांडता येईल. पुढील टप्प्यात अधिक निधी मागताना सरकारलाही त्याच हिशेबाची गरज पडेल.