खाचरे बुजवणाऱ्यांनो, पाणी कुठे पाठवणार?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री खेड शिवापूरच्या दर्ग्यात निजलेली माणसे पुराने झोपेतच ओढून नेली. कात्रज घाटापलीकडे त्याच रात्री आंबिल ओढा पुण्यातल्या सोसायट्यांत घुसला. जिल्ह्यात २० हून अधिक जीव गेले. जबाबदार कोण, असे विचारले की सगळे ढगाकडे बोट दाखवतात. ढगाने कुठल्या ओढ्यात भराव टाकला होता? ओढे आवळणारे हात माणसांचेच होते!

आता तेच हात खेड शिवापूरजवळच्या शिवरे परिसरात पोहोचले आहेत. महामार्गाच्या कडेला उभे राहा. डंपर मागे येतो, खाचरात मुरूम ओततो, जेसीबी बांध मोडून तो सपाट करतो. दोन दिवसांपूर्वी जिथे बगळे चिखलात चोच घालत होते, तिथे प्लॉटचे चुन्याचे पट्टे. शेजारचा ओढा दोन सिमेंटच्या नळ्यांत कोंबलेला. एका गुंठ्यात दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर ते दहा हजार लिटर होते. एकराला चार लाख. हे पाणी खाचर पोटात धरते, विहिरींना पाजते आणि उरलेले शिवगंगा नदीला सावकाश देते. खाचर बुजवले की तेच पाणी एका रात्रीत खालच्या वस्तीच्या दारात उभे राहणार.

आणि कायदा? केंद्राच्या २०१० च्या पाणथळ जागांच्या नियमांत निदान तलाव तरी होते. २०१७ च्या नियमांनी पाणीपुरवठ्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलावही वगळले. नदीचे पात्र आणि भातखाचरे तर दोन्ही नियमांत नाहीत. भोर-वेल्ह्याची सारी ओल याच तीन गोष्टींत आहे! दिल्लीत बसून व्याख्या लिहिणाऱ्यांनी आमचे अख्खे खोरे एका वाक्यात कोरडे ठरवले. हा निव्वळ अन्याय आहे.

पण व्याख्येआड लपणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांनाही आम्ही सोडणार नाही. सातबाऱ्यावर 'पोटखराबा, वर्ग ब' ही नोंद कशासाठी असते? रस्ते, ओढे, नाले सार्वजनिक वापराचे म्हणूनच ना? मग त्यावर भराव पडताना तलाठ्याने पंचनामा का केला नाही? अकृषिक परवानगी देताना जागेवर जाऊन ओढा किती रुंद आहे, हे कोणी पाहिले? पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) नकाशावर रंग भरणाऱ्यांपैकी कितीजण आषाढात या बांधावरून चालले आहेत?

गावकऱ्यांनो, तुम्हालाही सांगतो. जमीन विकणे तुमचा हक्क आहे, नड असते, हे आम्ही जाणतो. पण ओढा तुमच्या बापाने विकत घेतला नव्हता. तो विकताही येत नाही.

येत्या पावसाळ्याआधी शिवगंगेला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याची मोजणी करा. दोन्ही काठांवर दगड रोवा. पात्रातला मुरूम ज्याने टाकला, त्याच्याच खर्चाने उचला. नळ्या काढा. तहसीलदारांनी हे काम कचेरीतून नव्हे, गुडघाभर पाण्यात उभे राहून करून घ्यावे. खेड शिवापूरचा दर्गा शिवऱ्यापासून फार लांब नाही.