सासूबाईंची सुरी

मैत्रिणींनो, हे वाचायला बसण्याआधी जरा उठा आणि ओट्यावरची तुमची सुरी हातात घ्या. एखादा पिकलेला टोमॅटो तिच्याखाली ठेवून बघा. चिरला गेला की चेंगरला? चेंगरला असेल, तर आजचं पुराण तुमच्यासाठीच आहे!

सुरी ही आपल्या स्वयंपाकघरात तशी अलीकडे आलेली पाहुणी. आपल्या आज्यांचा जन्म विळीवर गेला. विळीचा पाट पायानं दाबून धरायचा, पातं आपल्या जागी स्थिर, नि दोन्ही हात भाजीला मोकळे. मग ओटा आला, आपण उभ्या राहिलो आणि विळी गेली माळ्यावर. तिच्या जागी सुरी आली खरी, पण साडी घेताना चार दुकानं पालथी घालणाऱ्या आपण सुरी मात्र डबे-बरण्यांबरोबर मिळेल ती उचलून आणतो. पातळ पत्रा आणि बोटभर जाडीची प्लॅस्टिकची मूठ. चार महिन्यांत ती बोथट होते आणि मग आपण जोर लावू लागतो. इथंच घात होतो. धारदार सुरीपेक्षा बोथट सुरी हात जास्त कापते, कारण जोर लावला की ती भाजीवरून घसरते आणि कुठं जाईल ते आपल्या हाती राहत नाही.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा जमिनीवर बसणं सुटलं आणि त्याबरोबर विळीही सुटली. टेबलाशी खुर्चीवर बसून त्या सुरीनं भाजी चिरू लागल्या. पण संधिवातानं बोटं आखडलेली, त्यांच्यात ती बारीक मूठ धरवेना. एक दिवस दुधी चिरताना सुरी सटकली आणि अंगठ्याला दोन टाके पडले. मी घाबरले आणि म्हटलं, "आई, आजपासून तुम्ही सुरीला हात लावायचा नाही. मी आहे ना!"

मला वाटलं, मी त्यांना आराम दिला. आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "अगं, आता मला या घरात जेवायला बसण्याखेरीज काही काम उरलं नाही बघ." बोलून झालं आणि त्या जप करायला आत गेल्या. मला मात्र रात्री झोप लागली नाही. दोष सुरीचा होता आणि शिक्षा मी त्यांच्या हातांना केली होती.

जाड मुठीची, हलकी, चांगल्या धारेची सुरी मी बाजारभर शोधली. मनासारखी काही मिळेना. तेव्हा डोक्यात आलं, आपणच करून बघितली तर? यजमान मोठ्यानं हसले. "बी. ए. इतिहास घेऊन केलंस, आता लोहारकी करणार?" म्हटलं, करून बघायला काय जातं!

काय जातं ते लवकरच कळलं. जुन्या लोखंडातून सुरी करतात, एवढंच मी ऐकलं होतं. घरात एक झिजलेली कानस पडून होती. ती इतकी कठीण की तिच्यावर दुसरी कानस चालेना. म्हणून अंगणातल्या कोळशाच्या शेगडीत ती लालबुंद केली आणि रात्रभर राखेत निवू दिली. सकाळी बघते तो पोलाद अगदी मऊ! चार दिवस घासून सुरीचा आकार दिला, मूठ बसवली, धार लावली. पहिल्या दिवशी कांदा असा चिरला की मी हरखून गेले. तिसऱ्या दिवशी धार गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली.

आमच्या गावी बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला घिसाडी बसतात. तुम्हीही पाहिले असतील. जमिनीत रोवलेली ऐरण, शेजारी भाता. नवरा सांडशीनं लाल लोखंड धरतो आणि बायको उभी राहून दोन्ही हातांनी घण घालते. लोखंडाचं काम पुरुषांचं, असं म्हणणाऱ्यांनी तिच्यासमोर एकदा उभं राहावं! मी माझी सुरी त्या बाईंना दाखवली. त्यांनी धारेवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "ताई, हिचं पाणी उतरवलंत तुम्ही. परत दिलं नाही."

पाणी देणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. पोलाद म्हणजे लोखंडात मिसळलेला थोडासा कार्बन. खुरप्या-कोयत्यांच्या लोखंडापेक्षा कानशीत तो जास्त असतो, शंभर भागांत एक भागाहूनही अधिक. पोलाद लाल करून हळूहळू निवू दिलं तर ते मऊ पडतं. तेच लाल असताना एकदम गार केलं तर कठीण होतं. किती लाल? तर लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत आणि त्याहून जरासं पुढं. साधारण ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाला चुंबक चिकटत नाही. पण नुसतं पाणी देऊन भागत नाही. तेव्हा ते काचेसारखं ठिसूळ असतं. ते पुन्हा बेताचं, २०० अंशांच्या आसपास तापवायचं. घासून चकचकीत केलेल्या जागी वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळट रंग आला की थांबायचं. कठीणपणा थोडा कमी होतो आणि चिवटपणा येतो.

एवढं ज्ञान घेऊन मी दुसरी कानस घेतली. तापवली, चुंबक लावून पाहिला आणि बादलीतल्या गार पाण्यात बुडवली. "टिच्" असा आवाज आला. पात्यावर केसासारखी बारीक चीर! इतक्या कार्बनच्या पातळ पात्याला गार पाणी सोसत नाही, त्याला कोमट तेल लागतं, हे मी नंतर वाचलं. चीर गेलेली सुरी कधी मोडून हातात घुसेल याचा नेम नाही. दहा दिवसांची मेहनत भंगारात टाकली आणि यजमानांनी काही विचारू नये म्हणून दोन दिवस गप्प राहिले.

वाट सापडली ती शेजारच्या घरी. तिथं सुतार काम करत होते. दुपारी त्यांनी करवत उलटी धरली आणि तिकोनी कानशीनं दाते घासायला सुरुवात केली. मी बघतच राहिले. करवतीचं पातं चांगल्या पोलादाचं. त्याला कारखान्यातच पाणी दिलेलं असतं, तरी ते कानशीनं घासता येण्याइतपत चिवट ठेवलेलं असतं. जाडीही भाजीच्या सुरीला हवी तशी, जेमतेम एक मिलिमीटर. मग तापवायची भानगड हवीच कशाला? त्यांच्याकडची एक मोडकी करवत मी मागून आणली.

आता कृती सांगते. आधी पोस्टकार्डावर सुरीचा आकार काढून कापून घ्या आणि पात्यावर ठेवून गिरवा. पात्याची रुंदी चार सेंटीमीटर तरी ठेवा. रुंदी कमी पडली तर चिरताना बोटांची पेरं पाटावर आपटतात. ही कापणी मात्र घरी करू नका. फाटकं-ग्रिलं करणाऱ्याकडून कटरनं कापून घ्या आणि मुठीची तीन भोकंही तिथंच पाडून घ्या. कापताना कडा तापून निळ्या-काळ्या होतात. तिथलं पाणी उतरलेलं असतं. म्हणून आकार दोन-तीन मिलिमीटर मोठा कापायचा आणि तेवढी कड घरी कानशीनं काढून टाकायची.

मग पातं एका फळीवर क्लॅम्पनं घट्ट आवळायचं आणि दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा. कानस पुढं नेताना दाबायची, मागं आणताना उचलायची. खालीवर खसाखसा घासलं तर कानस मरते. डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला फडकं हवंच, कारण लोखंडाची भुकटी बारीक उडते. धारेची कड पोस्टकार्डाइतकी पातळ झाली की थांबा. मला रोज अर्धा तास देऊन नऊ दिवस लागले. शाळेतून आल्यावर, मुलं खेळायला गेली की मी गॅलरीत बसायची. शेवटी १२०, २२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर पाण्यात बुडवून फिरवले.

मूठ हे खरं काम. सासूबाईंच्या हाताचं माप घ्यायचं कसं? मी कणकेचा घट्ट गोळा मळला आणि म्हटलं, "आई, हे सुरीसारखं धरून बघा." त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. पण त्यांनी धरला. त्यांची बोटं कुठं वळतात, कुठं वळत नाहीत, अंगठा कुठं टेकतो, ते सगळं त्या कणकेत उमटलं. तो गोळा वाळवला आणि समोर ठेवून बाभळीच्या दोन तुकड्यांची मूठ घासली. बाजारच्या मुठीच्या दुप्पट जाड, आणि गोल न करता लंबगोल, म्हणजे हातात फिरत नाही. दोन नळ्यांतला चिकट डिंक मिसळून ते तुकडे चिकटवले, भोकांतून पितळेच्या खिळ्या ठोकल्या आणि लाकडाला जवसाचं तेल तीन दिवस चोळलं.

धार अगदी शेवटी. दगड पाण्यानं ओला करा. पात्याची मागची कड दगडापासून सव्वा सेंटीमीटर उचला. चार सेंटीमीटरच्या पात्याला तेवढ्यानं सुमारे १८ अंशांचा कोन मिळतो. एकाच कोनात, दगडाचा पातळ काप काढावा तशी सुरी सरकवत राहा. पलीकडच्या बाजूला कडेवरून बाहेरच्या दिशेनं हलकेच बोट फिरवलं आणि खरखर लागली की बाजू बदला. वर्तमानपत्राचा कागद न फाटता सरळ कापला गेला की झालं.

त्या रविवारी सुरी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती उचलली, मूठ हातात दोनदा फिरवली आणि काही न बोलता कोबी ओढून घेतला. आवाजावरून मला आत कळत होतं, जोर लागत नाहीये. अर्धा कोबी झाल्यावर हाक आली, "अगं, कांदे दे ना इकडे!" मी कांदे नेऊन दिले आणि स्वयंपाकघरात येऊन पदरानं डोळे टिपले. कांद्यांमुळेच, असं यजमानांना सांगितलं.

अशी सुरी केलीत, तर तिचे लाड मात्र करावे लागतात. गंजू नये म्हणून पोलादात क्रोमियम घालायची युक्ती शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लींना १९१३ साली सापडली. आपल्या करवतीत ते नसतं, त्यामुळे ही सुरी ओली ठेवली की गंजते. काम झाल्याबरोबर धुऊन कोरडी पुसा आणि चार-आठ दिवस वापरणार नसाल तर खोबरेलाचं बोट फिरवा. लिंबू, चिंच, कैरी चिरून तशीच ठेवू नका. कांद्या-कैरीनं पातं काळपट होतं, त्यानं बिचकू नका. जुन्या विळ्याही काळ्याच असत. तांबडा गंज तेवढा घासून काढा. चिरायला लाकडी पाट घ्या. स्टीलचं ताट, काच किंवा ओट्याचा दगड यांवर चिरलंत तर धार त्याच दिवशी गेली समजा. आणि करवत घेताना दात्यांच्या टोकांना निळसर काळा रंग असेल तर ती जपून घ्या. अशा नव्या करवतींचे दाते इतके कठीण केलेले असतात की कानस चालत नाही. तेवढी पट्टी कापून टाकावी लागते.

हे सगळं करायला वेळ नाही, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मग निदान धार लावायचा एक दगड तरी आणा आणि आहे ती सुरी पंधरा दिवसांनी एकदा घासा. आणि घरात एखाद्या वडीलधाऱ्या बाईंच्या हातून सुरी सुटत असेल, तर ती काढून घेण्याआधी त्यांची मूठ कशी वळते ते एकदा बघा. नुसती मुठीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून जाड केलीत आणि वरून दोरा घट्ट आवळलात, तरी पुष्कळ फरक पडतो. फक्त ती पट्टी वरचेवर बदला, ओली राहू देऊ नका.

एक सांगायचं राहिलंच. त्या दिवशी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी माझ्या हातावर एक रुपया ठेवला. म्हणाल्या, "धारेची वस्तू फुकट घेऊ नये." तो रुपया मी देवघरात ठेवला आहे. आणि परवा त्यांची मैत्रीण येऊन गेली, तेव्हापासून आमच्याकडे वाळलेल्या कणकेचा आणखी एक गोळा आहे!