साधन दिले, पुढे?

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांस,



बेट्सी फिलिप्स आणि हाँगशिन झाओ या संशोधकांनी अमेरिकेत २२७ अपंग प्रौढांना विचारले होते, की तुम्हाला मिळालेल्या साधनांपैकी किती अजून वापरात आहेत? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २९.३ टक्के साधने टाकून दिलेली आढळली. चालण्या-फिरण्याची साधने त्यांत आघाडीवर होती. संशोधकांनी कारणेही शोधली. साधन निवडताना वापरणाऱ्याचे मत कोणी विचारले नव्हते. ते फार सहज हाती आले होते. ते नीट चालत नव्हते. किंवा दरम्यान माणसाची गरजच बदलली होती. या चारांपैकी एक कारण कारखान्याच्या दारात जाते. उरलेली तीन साधन निवडून देणाऱ्याच्या तयारीशी जोडलेली आहेत, आणि ही तयारी महाराष्ट्रात बहुतांशी आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून होते. मुंबईतील पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांपासून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, विद्यार्थी आपल्याच छत्राखाली शिकतात.

म्हणून ही मागणी आपल्याकडे. या विद्यार्थ्यांना साधन बनवायला आणि निवडायला शिकवले जातेच. ते घरी गेल्यावर त्याचे काय होते, हेही त्यांनी नेमाने पाहावे. आणि त्यासाठी विद्यार्थी, शिक्षक, साधन वापरणारी माणसे आणि त्यांच्या घरचे लोक यांचा एक मराठी ऑनलाइन समूह विद्यापीठाने स्वतः उभारावा.

साधन सहज मिळणे हे ते टाकून देण्याचे कारण कसे, असा प्रश्न पडेल. तालुक्याच्या गावी भरलेले एखादे वाटप शिबिर डोळ्यांपुढे आणले की उत्तर मिळते. मांडवात तीनचाकी सायकली आणि खुर्च्या ओळीने लावलेल्या असतात, नाव पुकारले जाते, फोटो निघतो, टेम्पोतून साधन घरी जाते. केंद्र सरकारची अपंगांना साधने देणारी एडिप योजना १९८१ पासून चालू आहे आणि कानपूरचे सरकारी महामंडळ अलिम्को १९७६ पासून साधने बनवते आहे. या दोहोंमुळे ज्यांच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा काही पडले, त्यांची संख्या लहान नाही, आणि त्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण शिबिरात खुर्ची घेतलेल्या माणसाच्या घराचा उंबरठा किती उंच आहे, शौचालयाचे दार किती रुंद आहे, पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या वाटेवर अरुंद टायर किती रुततात, हे मांडवात बसून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली साधनांची कमतरता असलेल्या प्रदेशांसाठी चाकाच्या खुर्चीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. रुग्णाची नोंद, तपासणी, खुर्चीची निवड, पैशांची सोय, जुळणी, अंगाला बसते का हे पाहणे, वापरण्याचे शिक्षण, आणि शेवटी देखभाल, दुरुस्ती व पाठपुरावा. शिबिराचा मांडव पाचव्या-सहाव्या पायरीवर उठतो.

रुग्णालयातले चित्र वेगळे असले तरी पाठपुराव्याची अडचण तिथेही तीच आहे. जागतिक व्यवसायोपचारतज्ज्ञ महासंघाच्या किमान निकषांनुसार विद्यार्थ्याने १००० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम केलेले असावे लागते. आपल्याकडे अभ्यासक्रमात इंटर्नशिपही आहे. तास भरतात, पण तुकड्यातुकड्यांनी. एखादी विद्यार्थिनी पक्षाघात झालेल्या बाईंसाठी मनगटाचा स्प्लिंट बनवते, तो नीट बसवते, घालायचा-काढायचा कसा ते सुनेला शिकवते. मग बाईंना घरी सोडतात, त्या रत्नागिरीकडच्या आपल्या गावी जातात आणि विद्यार्थिनीचे पोस्टिंग बदलते. दोन महिन्यांनी हाताची सूज उतरल्यावर तो स्प्लिंट सैल झाला का, भाताची लावणी आल्यावर सुनेला रोज तो बांधायला वेळ मिळाला का, हे तिला कधीच कळत नाही. तिची चूक म्हणावी अशी यात काही नाही. तिला परत बघायची वाटच ठेवलेली नाही.

ती वाट ऑनलाइन समूह देऊ शकतो, आणि याची उदाहरणे जगात आहेत. २०१० पासून जागतिक व्यवसायोपचार दिनाच्या सुमारास 'ओटीफॉरओटी' या गटातली मंडळी सलग चोवीस तास चालणारी मोफत ऑनलाइन परिषद भरवू लागली. एका देशात रात्र झाली की दुसरा देश सूत्रे हाती घेई. ब्रिटनमध्ये २०११ पासून 'ओटॉक' नावाने दर मंगळवारी संध्याकाळी ट्विटरवर तासभर चर्चा रंगू लागली. नव्या पदवीधरापासून प्राध्यापकापर्यंत सारे एकाच ओळीत बसून बोलत. विद्यार्थ्याने उत्तर माहीत नसलेला प्रश्न मोकळेपणाने विचारावा आणि दुसऱ्या शहरातल्या अनुभवी माणसाने त्याला वाट दाखवावी, ही सवय अशा चर्चांतूनच लागते.

'ई-नेबल'ची कथा मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात या वाटेचे बळ आणि धोके दोन्ही दिसतात. अमेरिकेतले इव्हान ओवेन हे कारागीर नाटक-सिनेमांसाठी यांत्रिक हात वगैरे वस्तू बनवत. २०११ साली त्यांनी अशा एका हाताची चित्रफीत इंटरनेटवर टाकली. दक्षिण आफ्रिकेतले सुतार रिचर्ड व्हॅन आस यांनी त्याच वर्षी अपघातात बोटे गमावली होती. त्यांनी ओवेन यांना गाठले. हजारो मैलांवरून दोघांनी मिळून आराखडा बेतला, जन्मतः बोटे नसलेल्या एका लहान मुलासाठी हात तयार केला आणि पुढे तो आराखडा सगळ्यांसाठी मोफत खुला केला. २०१३ साली रॉचेस्टरचे प्राध्यापक जॉन शल यांनी थ्रीडी प्रिंटर असलेल्यांना आणि हाताची गरज असलेल्यांना एकत्र आणणारा ई-नेबल हा समूह गूगल प्लसवर सुरू केला. कुठल्याशा शाळेतली मुले हात छापू लागली आणि दुसऱ्या देशातले मूल तो वापरू लागले.

इतके झाले तरी छापलेल्या हाताची पकड कमजोरच राहते. हे हात बहुधा ज्या पीएलए प्लास्टिकचे असतात, ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद मोटारीत असा हात विसरला तर काय होईल, हे नागपूरच्या विद्यार्थ्याला सांगावे लागणार नाही. आराखडा खुला असला तरी मुलाच्या मनगटात किती हालचाल आहे, त्वचेवर दाब कुठे येतो, मुळात त्या मुलाला हात हवा आहे की उरलेल्या हातानेच त्याचे छान चालले आहे, हे ठरवायला व्यवसायोपचारतज्ज्ञच लागतो. समूहात तो नसेल तर हौशी माणसांचा उत्साह खेळण्यापाशी थांबतो.

दुसरा धडा जागेचा. २०१९च्या एप्रिलमध्ये गूगलने गूगल प्लस बंद केले आणि ई-नेबलला सगळे बिऱ्हाड दुसरीकडे हलवावे लागले. आपल्या महाविद्यालयांची अशी देवाणघेवाण व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबली, तर एखाद्या शिक्षिकेचा फोन बदलला की दहा वर्षांचे शहाणपण पुसले जाईल. समूह विद्यापीठाच्या स्वतःच्या जागेवर असावा, या आग्रहाचे कारण हे आहे.

इंटरनेटच्या आधीही अशी खुली देवाणघेवाण घडलेली आहे. मेक्सिकोतल्या आहोया या डोंगरी गावात 'प्रोहिमो' नावाचा प्रकल्प अपंग माणसांनीच चालवला. तिथले अनुभव डेव्हिड वर्नर यांनी 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रेन' या १९८७च्या पुस्तकात मांडले आणि ते कोणालाही उतरवून घेता येईल असे खुले ठेवले. बांबू, जुने टायर, पुठ्ठा यांतून बनलेली साधने त्यात चित्रांसह आहेत. मूल काय म्हणते ते आधी ऐका, हे वर्नर पानोपानी सांगतात.

महाराष्ट्रातल्या घरांविषयी असे खुले भांडार कोणी बांधायचे? परदेशी पाठ्यपुस्तकात एका हाताने बटण लावायचा आकडा सापडतो, परकराची नाडी एका हाताने कशी बांधायची ते सापडत नाही. विळी पायाने दाबून धरता येते, म्हणून एक हात लुळा पडलेल्या बाईला ती चाकूपेक्षा सोयीची ठरू शकते. पण तिला खाली बसता-उठता येत नसेल तर विळी ओट्यावर घट्ट बसवावी लागते, आणि ती कशी बसवावी याच्या पाच घरांत पाच युक्त्या निघतील. कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या हाताला तवा तापला आहे हे कळत नाही. अशा घरात सांडशीला आणि उलथण्याला जाड लाकडी मूठ बसवणे हा औषधाइतकाच गरजेचा उपचार आहे. हे ज्ञान आज विभागांतल्या जुन्या शिक्षिकांच्या हातात आहे, विद्यार्थ्यांच्या वह्यांत आहे, गावातल्या सुताराकडे आहे. एकमेकांना ते दिसत नाही, एवढीच काय ती उणीव.

बोलता न येणाऱ्या मुलांचेही तसेच. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये तयार झालेल्या 'जेलो' या मोफत अ‍ॅपमध्ये चित्राला बोट लावले की आवाज येतो. चेन्नईचे 'आवाझ' असेच काम करते. पण मुलाच्या घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असतील, तर भाकरी मागायला कुठले चित्र हवे आणि आजीला हाक कोणती हवी, हे त्या घरालाच विचारावे लागेल. धुळ्याच्या एका आईने जुळवून घेतलेला चित्रांचा तक्ता जळगावच्या दुसऱ्या आईला मिळाला, तर दोघींचे महिनोनमहिने वाचतील.

साधन वापरणाऱ्यांना या समूहात पाहुणे म्हणून बोलावून भागणार नाही. त्यांना शिक्षकाचे स्थान आणि मानधन द्यावे. मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकून 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन लिहिले, ते २०१० साली आले. त्या मुंबईच्या झेवियर्समध्ये आणि पुढे लंडनमध्ये शिकल्या. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' मराठी वाचकांच्या घरोघरी आहे. पुण्याजवळ खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मज्जारज्जूला इजा झालेले जवान १९७४ पासून राहत आले आहेत. खुर्चीवर वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाला गादीवर जखम कुठे आणि का होते हे जितके कळते, तितके चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पुस्तकातून कळणे शक्य नाही.

अशा जागा खुल्या सोडल्या की त्यांत काय शिरते, हेही आपणांस ठाऊक आहे. स्वमग्न मुलांच्या पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकमेकांना फार मोठा आधार देतात, आणि त्याच ग्रुपांवर स्टेम सेलच्या महागड्या 'उपचारां'च्या जाहिराती फिरतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असे म्हटले. ते पत्रक किती पालकांपर्यंत पोचले? थकलेल्या आईला रात्री अकरा वाजता साध्या मराठीत आणि तिला कमी न लेखता खरे काय ते सांगणारा माणूस तिथे हवा. असे बोलणे हेही कौशल्य आहे. ते शिकवावे लागते, आणि त्यावर शिक्षकांची देखरेख लागते.

खासगीपणाची बाब याहून नाजूक. उत्साही विद्यार्थी मुलाचा व्हिडिओ काढतो, गटावर टाकतो, आणि ते मूल मोठे झाल्यावरही तो व्हिडिओ फिरत राहतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात बालकांच्या, तसेच कायदेशीर पालक असलेल्या अपंग व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे. चेहरा न दाखवता फक्त हात आणि साधन कसे टिपावे, संमती मराठीत कशी मागावी, ती मागे घेतली तर काय करावे, हे पहिल्याच वर्षी शिकवण्याचे विषय आहेत.

हे काम महाराष्ट्राने करण्याला इतिहासाचाही आधार आहे. १९५० साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी देशातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू केली. मूळच्या अमेरिकन असलेल्या या बाई लग्नाने निंबकर झाल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या पुढाकाराने १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. पत्रे आणि बोटी यांच्या जिवावर त्या पिढीने जगाशी नाते जोडले. आजच्या विद्यार्थ्याच्या खिशात फोन आहे.

नव्या अभ्यासक्रमाची वाट न पाहता सुरुवात करता येईल. प्रत्यक्ष कामाच्या तासांपैकी काही तास व्हिडिओ कॉलवरील पाठपुराव्यासाठी मोजायला मान्यता द्यावी. पोस्टिंग बदलताना रुग्ण पुढच्या विद्यार्थ्याकडे, आणि वर्ष संपताना पुढच्या तुकडीकडे, नावानिशी नव्हे तर क्रमांकाने सोपवला जावा. नोंदवहीत तीन आणि सहा महिन्यांनंतरचा एक रकाना असावा : साधन वापरात आहे का, नसेल तर का नाही. उत्तर वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहावे. 'वापरत नाही' या उत्तराने विद्यार्थ्याचे गुण कमी होऊ नयेत, नाहीतर सगळेच रकाने गोड भरतील. बनवलेल्या साधनांचे आराखडे, मापे आणि साहित्याचा खर्च मराठीत आणि खुल्या परवान्याने एका जागी ठेवावेत, आणि ती जागा 'एनव्हीडीए'सारख्या मोफत स्क्रीन रीडरवर नीट वाचता यावी. मागे पडू नये असा एक मुद्दा पैशांचाही आहे. समूह सांभाळायला पूर्णवेळ माणूस लागेल. शिक्षकांच्या आधीच भरलेल्या दिवसात हे काम कोंबले तर ते वर्षभरात बंद पडेल.

२७ ऑक्टोबर हा जागतिक व्यवसायोपचार दिन. त्या दिवशी महाविद्यालयांत भाषणे आणि प्रदर्शने होतात. येत्या २७ ऑक्टोबरला या समूहाची पहिली ऑनलाइन बैठक विद्यापीठाने बोलवावी, सर्व महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना जोडून घ्यावे, सांकेतिक भाषेचा दुभाषी ठेवावा, आणि पहिला अर्धा तास साधन वापरणाऱ्या कोणा एकाला द्यावा. त्यांनी बोलावे ते घरी माळ्यावर टाकलेल्या साधनाविषयी. ते कोणी दिले, त्या वेळी काय विचारले गेले नाही, आणि आता काय हवे आहे.