बाजारात साख, विज्ञानात हवाला

बाजारात व्यापाऱ्याची किंमत दुकानाच्या पाटीवरून ठरत नाही. त्याच्या शब्दावर किती जण माल सोडतात, यावरून ठरते. यालाच आपण साख म्हणतो. विज्ञानातही अशीच साख असते. एखाद्याचा शोधनिबंध छापून आला, की पुढे काम करणारे संशोधक आपल्या निबंधात त्याचा हवाला देतात आणि हे हवाले मोजले जातात. आपल्याला ही रीत परकी वाटू नये. हदीस सांगताना सनद सांगावी लागते, हे आपण लहानपणापासून ऐकतो.

या हिशेबात एक नाव व्यापारी व कारागीर बांधवांनी लक्षात ठेवावे: डॉ. खलील अमीन. ते मूळचे मोरोक्कोचे. फ्रान्समध्ये बोर्दो येथे शिकले, जपानमध्ये काम केले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत दाखल झाले. १९९८ ते २००८ या काळात बॅटरीच्या क्षेत्रात जगात सर्वाधिक हवाले त्यांच्या कामाला मिळाले, अशी नोंद आहे. २०१९ मध्ये त्यांना रशियाचा ग्लोबल एनर्जी पुरस्कार मिळाला.

त्यांचे काम लिथियम बॅटरीच्या धन बाजूच्या मसाल्यावर आहे. या मसाल्यात निकेल वाढवले की वीज जास्त मावते, पण मसाला लवकर खराब होतो आणि तापल्यावर धोका वाढतो. मँगनीज वाढवले की टिकाऊपणा येतो, पण वीज कमी मावते. कोरियाच्या हान्यांग विद्यापीठातील यांग-कुक सन व अमीन यांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये यावर तोड मांडली. मसाल्याच्या प्रत्येक कणाच्या गाभ्यात निकेल जास्त ठेवायचे, आणि बाहेर येता येता निकेल कमी व मँगनीज जास्त करत जायचे. आपल्या कल्हईवाल्या कारागिराला हे चटकन समजेल. फरक इतकाच, की कल्हईचा थर वेगळा असतो. येथे आतला भाग हळूहळू बाहेरच्यात मिसळत जातो, म्हणून थर सुटण्याची भीती कमी.

मात्र हवाल्यांच्या नुसत्या आकड्याला भुलू नये. दोन व्यापारी एकमेकांच्याच हुंड्या सकारत राहिले, तर ती साख खरी नव्हे. शिवाय दुसऱ्याची चूक दाखवतानाही त्याचा हवाला द्यावाच लागतो. खरी कसोटी अशी, की त्या इल्मावर कोणी पैसा लावला काय? अमीन, मायकेल थॅकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरगॉनमध्ये तयार केलेल्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट मसाल्याचे परवाने २०११ मध्ये जनरल मोटर्स आणि एलजी केम या कंपन्यांनी घेतले. येथे साख रोकड झाली.

मानमरातबाचेही तसेच. फेस शहरात जन्मलेले रशीद यझामी यांनी १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रॅफाइटमध्ये लिथियम भरता येते आणि परत काढता येते, हे दाखवले. आज बहुतेक लिथियम बॅटऱ्यांची ऋण बाजू ग्रॅफाइटचीच असते. २०१४ मध्ये त्यांना ड्रेपर पुरस्कार मिळाला. २०१९ चे नोबेल मात्र याच बॅटरीसाठी दुसऱ्या तिघांना गेले; एक नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांत वाटले जात नाही. मान हुकला, पण माल घरोघरी पोहोचला.

आता आपल्याविषयी. इन्व्हर्टर, रिक्षा आणि मोटारीच्या बॅटरीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. त्यांचा हात शिशाच्या बॅटरीवर बसलेला आहे, पण गिऱ्हाईक लिथियमकडे वळते आहे. लिथियमला शिशाचा चार्जर चालत नाही, त्यात पाणी घालायचे नसते आणि प्रत्येक सेलवर नजर ठेवणारे सर्किट लागते. जो हे शिकणार नाही, त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. मोरोक्कोच्या नावांचा अभिमान बाळगून त्याचा गल्ला भरणार नाही.

म्हणून दुकानदारांनी आपल्या पोरांना आयटीआयमध्ये हे हुनर शिकवावे. जमाती व ट्रस्टनी शिष्यवृत्ती देताना रसायन आणि धातुशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींचाही विचार करावा. उद्या कोणी आपल्या मुलीच्या निबंधाचा हवाला द्यावा, अशी उमेद आपण का धरू नये? अल्लाह आपणा सर्वांना इल्म आणि हलाल रोजीची तौफिक देवो. आमीन.