बिच्चि नोडु, आमेल मातु!

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. बडोद्याहून अक्काचा फोन आला. एरवी तिच्या फोनची सुरुवात "तम्मा, ऊट आय्ता?" अशी असते. त्या दिवशी जेवणाची चौकशी नाही, की आमच्या सौ.ची विचारपूस नाही. एकदम म्हणाली, "हा ट्रॅक्टरचं इंजिन काढून फेकायला निघालाय. तू ये."

हा म्हणजे माझा भाचा. आणि ट्रॅक्टर म्हणजे भावोजींचा ट्रॅक्टर.

आमचं घर चिकोडीकडचं. अक्का 1978 साली लग्न होऊन बडोद्याला गेली. भावोजींचं घराणं गायकवाडी काळापासून तिकडे. घरात मराठी, दारात गुजराती, आणि अक्काला राग आला की कन्नड. पादऱ्याच्या रस्त्याला त्यांची सहा एकर जमीन आहे. भावोजींनी 1981 साली बँकेचं कर्ज काढून 'हिंदुस्थान' ट्रॅक्टर घेतला. पन्नास अश्वशक्तीचा, चार सिलिंडरचा. आपल्या भागात जुन्या एचएमटी ट्रॅक्टरचं जे मूळ, तेच याचंही : चेकोस्लोव्हाकियातलं झेटर. फरक इतकाच, की एचएमटी हरियाणात पिंजोरला तयार व्हायचा आणि हा बडोद्यातच, विश्वामित्रीजवळच्या कारखान्यात. त्या कारखान्याने नावंही किती बदलली! हिंदुस्थान ट्रॅक्टर्स, मग सरकारकडे गेल्यावर गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन, पुढे महिंद्रा गुजरात आणि 2017 साली ग्रोमॅक्स. भावोजी म्हणायचे, "कारखान्याचं आडनाव तीनदा बदललं, पण आमच्या गड्याचं एकदाही नाही."

भावोजी जाऊन तीन वर्षं झाली. गडी मात्र आता म्हातारा झाला होता. सकाळी चालू व्हायला कुरकुर, चालू झाला की निळा धूर, रोज अर्धा लिटर ऑइल पिणार, आणि भरलेली ट्रॉली चढावर आली की दम सोडणार.

वाचकहो, मी गेलो तो खरं तर मनातून भाच्याच्या बाजूने. त्याला कारण आहे. आमच्या अण्णांचं विहिरीवर एक जुनं इंजिन होतं. त्यात पाणी आणि ऑइल एक व्हायचं. ऑइल ताकासारखं पांढरं दिसायचं. अण्णांनी तीनदा हेडचं गॅस्केट बदललं. "चाळीस वर्षांचा सोबती आहे," म्हणायचे. शेवटी कळलं की ब्लॉकलाच तडा होता. तोवर बैलजोडी विकली गेली होती. मायेपोटी घर कसं पोखरतं ते मी लहानपणी पाहिलंय.

भाच्याचंही चुकत नव्हतं. तो कंपनीत नोकरी करतो, शेती रविवारची. मागच्या रब्बीत ट्रॅक्टर ऐन पेरणीत आठ दिवस बंद पडला. त्याचं म्हणणं, एका जुन्या ट्रकचं इंजिन भंगारवाल्याकडे चांगल्या स्थितीत आहे, ते बसवू. नाहीतर गाडीच विकू. अक्का बोलतच नव्हती. नुसती भांडी आपटत होती.

दुसऱ्या दिवशी एक मिस्त्री आले. सत्तरीचे गुजराती गृहस्थ, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. आल्या आल्या त्यांनी इंजिन चालू करून ऑइल भरायचं झाकण काढलं. आतून भकाभका वाफारा आला. "रिंगा आणि लायनर गेले," म्हणाले. "बाकीचं मी इथून सांगणार नाही. खोलीने जोईए."

भाच्याने ट्रकच्या इंजिनाचा विषय काढला. तेव्हा मिस्त्रींनी जे सांगितलं ते मलाही नवं होतं. जीपला किंवा ट्रकला खाली लांब लोखंडी सांगाडा असतो, इंजिन त्यावर नुसतं बसलेलं असतं. अशा ट्रॅक्टरला सांगाडाच नसतो. इंजिन हाच त्याचा कणा. पुढचा आस इंजिनला जोडलेला, मागे गिअरबॉक्स इंजिनलाच बोल्टने आवळलेला. ट्रकच्या इंजिनचं तेलाचं चेंबर बहुधा पत्र्याचं असतं. त्यावर नांगराचा ओढा कसा पेलणार? शिवाय भार आला तरी ट्रॅक्टरच्या इंजिनाचे फेरे एका ठरावीक वेगाला टिकावे लागतात. मागचा पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांच्या हिशेबाने बांधलेला. ते फेरे जमले नाहीत तर रोटावेटर नीट चालत नाही. वर आरसी बुकात इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी आणि नोंद आलीच. नाहीतर अपघाताच्या वेळी विमा कंपनी पहिला बोट तिथेच ठेवणार.

"मग याच मॉडेलचं दुसरं जुनं इंजिन?" भाच्याने विचारलं.

"मिळेल. पण तेही उघडल्याशिवाय घेऊ नका. नाहीतर आपलं दुखणं देऊन दुसऱ्याचं विकत घ्याल."

तेवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली. "बिच्चि नोडु, आमेल मातु!" उघडून बघा, मग बोला. मिस्त्रींना कन्नड येत नाही, पण ते हसले. त्यांचंच वाक्य होतं ते.

उघडण्याआधी आम्ही एक शहाणपणा केला. खर्चाची मर्यादा ठरवली. दोन हंगाम भाड्याचा ट्रॅक्टर लावला तर जेवढे पैसे जातील, त्याहून एक रुपयाही जास्त नाही. ब्लॉकला तडा निघाला तर त्याच दिवशी विकायचा. अक्काने मान डोलावली. मला अण्णा आठवले. त्यांनी अशी रेघ कधी ओढलीच नव्हती.

दोन दिवसांत इंजिन सुटं झालं. ब्लॉक पाण्याच्या दाबावर तपासला, तडा नव्हता. लायनर खराब होते, पण ते पाण्यात बसणारे, म्हणजे ओढून काढायचे आणि नवे घालायचे. ब्लॉक कोरावा लागत नाही. खरा प्रश्न क्रँकचा. क्रँक झिजला की लेथवर घासून पाव पाव मिलिमीटरने बारीक करतात आणि तेवढंच जाड बेअरिंग घालतात. पण हे किती वेळा करायचं याला मर्यादा असते. हा क्रँक आधी किती घासला गेला होता?

अक्काने कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. भावोजींनी ट्रॅक्टरचं प्रत्येक बिल जपलं होतं. 1993 साली क्रँक पाव मिलिमीटर, 2006 साली अर्धा. मिस्त्रींनी मापलं, बिल आणि माप तंतोतंत जुळलं. "आता पाऊण होईल," ते म्हणाले, "आणि तो शेवटचा. पण आधी त्या मापाचं बेअरिंग हातात आणा, मगच क्रँक लेथवर द्या. घासून झाल्यावर बेअरिंग मिळालं नाही, तर क्रँक भंगारात."

भाच्याने चार दिवस दुकानं पालथी घातली आणि बेअरिंग मिळवलं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, नोझलची दुरुस्ती आणि मजुरी धरून खर्च आमच्या रेघेच्या थोडा आत राहिला.

पण मिस्त्रींनी निघताना स्पष्ट सांगितलं, "हा आता तरुण झालेला नाही. त्याला म्हाताऱ्याचंच काम द्या." म्हणून ठरलं : ट्रॉली, पाण्याचा टँकर आणि हलकी मशागत यावर. रोटावेटर आणि खोल नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने. पुढच्या वेळी क्रँक गेला की दुरुस्ती नाही. हे अक्कानेच म्हटलं, आम्ही कुणी नाही.

आता मला कुणी विचारलं की जुनं इंजिन दुरुस्त करावं की बदलावं, तर मी चार गोष्टी सांगतो. पैशाची रेघ आधी ओढा. ब्लॉक आणि क्रँक मापून घ्या. सुटा भाग हातात आल्याशिवाय लेथवर काही देऊ नका. आणि जुनी बिलं टाकू नका. माया आणि घाई, दोघीही झाकण न उघडताच निकाल देतात.

निघायच्या दिवशी भाचा ओट्यावर बसून काहीतरी लिहीत होता. नव्या बिलाच्या मागे त्याने तारीख घातली होती आणि खाली लिहिलं होतं, "क्रँक पाऊण. शेवटचा." मग बिलाची घडी घालून त्याने डबा उघडला, आणि भावोजींच्या बिलांवर ते ठेवून दिलं.

अक्का दारात उभी होती. म्हणाली, "तम्मा, ऊट आय्ता?"