ग्रॅनाइटचं सिंक आणि बोअरचं पाणी

जाफराबादेत नव्या घराचं काम स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत आलं, की हल्ली एक नवा प्रश्न निघतो. ओट्यावर काळा ग्रॅनाइट बसणारच आहे, मग सिंकही तसंच का नको? दुकानात स्टीलच्या शेजारी ते काळंभोर सिंक उठून दिसतं. किंमत मात्र चांगल्या स्टीलच्या सिंकपेक्षा बरीच जास्त असते. खेळणा-पूर्णेकाठच्या या गावातल्या बहुतेक घरांनी हे जादा पैसे घालू नयेत.

हे सिंक अखंड दगड कोरून केलेलं नसतं. क्वार्ट्झ किंवा ग्रॅनाइटचे बारीक कण सुमारे ८० टक्के आणि बाकी मुख्यतः ॲक्रिलिक राळ, असं मिश्रण साच्यात घालून, तापवून घट्ट करतात. जर्मनीच्या शॉक कंपनीनं १९७९ मध्ये अशी सिंक आणली. पुढे तिच्याच तांत्रिक सहकार्यानं भावनगरच्या ॲक्रिसिलनं, म्हणजे आताच्या कॅरिसिलनं, ती भारतात बनवायला सुरुवात केली. वस्तू वाईट नाही. क्वार्ट्झचा कठीणपणा मोहच्या मापावर ७ भरतो, त्यामुळे सुरीचे ओरखडे सहज उठत नाहीत. गरम कढई ठेवली तरी बिघडत नाही, आणि भांड्यांचा आवाजही कमी होतो.

अडचण आहे ती पाण्याची.

जालना जिल्हा काळ्या बेसाल्टवर वसला आहे. त्याच्या भेगांत मुरलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन बोअरमधून वर येतं. हे जड पाणी काळ्या सिंकमध्ये वाळलं, की पांढरे ओघळ लांबूनही दिसतात. स्टीलवरही क्षार बसतो, पण तो इतका डोळ्यांत भरत नाही. काळं सिंक काळं ठेवायचं तर ते रोज पुसून कोरडं करायचं आणि अधूनमधून लिंबू किंवा व्हिनेगरनं घासायचं. हे काम घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं, आणि खरेदीच्या वेळी तिला कुणी विचारलेलं नसतं. ज्या जिल्ह्यानं २०१२-१३ चा दुष्काळ टँकरवर काढला, तिथे सिंकच्या शोभेसाठी बादलीभर पाणीही जास्त लागू नये. फिकट रंग घेतला तर क्षार लपतो, पण हळदीचे, चहाचे डाग आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्यांच्या करड्या रेघा दिसू लागतात.

दुसरी गोष्ट भांड्यांची. ज्वारी-बाजरीच्या भाकरीचा लोखंडी तवा, काटवट, मोठा कुकर ही वजनदार भांडी. हातातून निसटली तर स्टीलला पोचा येतो, पण सिंक चालू राहतं. या मिश्रणाच्या सिंकची कड मात्र टवका उडून फुटू शकते. तडा गेला तर सहसा सगळं सिंकच बदलावं लागतं, आणि ओट्याखालून बसवलेलं असेल तर ओट्यालाही हात लावावा लागतो.

म्हणून ३०४ प्रतीचं, जाड पत्र्याचं, एकाच खोल भांड्याचं स्टीलचं सिंक घ्यावं. या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्यामुळे गंज दूर राहतो. २०२ प्रतीत निकेल कमी घालून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं. चुंबक लावून पाहण्याची पद्धत इथे फसवते, कारण ३०४ आणि २०२ दोन्हींना ते सहसा चिकटत नाही. पत्र्यावरचा शिक्का पाहावा आणि बिलावर प्रत लिहून घ्यावी. घरातली सगळ्यांत मोठी परात आधी मोजावी. दोन भांड्यांच्या सिंकमध्ये ती अनेकदा आडवी बसतच नाही.

छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, जिथे पाणी मऊ करणारं यंत्र आहे आणि स्वयंपाक नॉनस्टिक भांड्यांत होतो, तिथे ग्रॅनाइटचं सिंक खुशाल घ्यावं. जाफराबादेत वाचलेले पैसे सिंकखालच्या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला लावावेत. सांडपाणी उघड्या नालीत गेलं, की डास आलेच. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं (जाफराबाद तालुक्यातली नव्हे, हिमायतनगर तालुक्यातली) घरोघरी शोषखड्डे खणून गावातल्या नाल्या कोरड्या केल्या. भोकं पाडलेली सिमेंटची टाकी आणि तिच्याभोवती दगड, एवढंच शोषखड्ड्याचं सामान. अंगणात जागा असेल, तर ओट्याचं काम चालू असतानाच गवंड्याकडून तोही करून घेता येतो.